वानगीचा गाल

आरशाचा एवढा नाद आणि आरशाशीच एवढं वैर असलेला माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच, माझा आतेभाऊ. लहानपणी त्याला देवी आल्या, त्या जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेल्या. त्यावर या बाबाने काय लावलं नाही? पपईचा चीक लावला, मुलतानी माती थापली, एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून गाढविणीचं दूध चोपडून दिवसभर माश्या हाकलत बसला. लग्नकार्यात पंगतीला सगळ्यांच्या पुढे, पण फोटोची वेळ आली की हा फोटोवाल्याच्या पाठीमागे उभा. "मी आठून देखी ऱ्हायनू, तुम्ही हासा!" असं ओरडायचा. आम्ही हसायचो. मला मात्र त्याचा रागही यायचा आणि कीवही.

धंदा मिरचीचा. गावाबाहेर त्याची पथारी आहे, म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मैदान. माल घ्यायच्या आधी मूठभर वानगी घेऊन, देठ मोडून, हुंगून बघायची त्याची सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की साडीच्या दुकानातही तो वानगी मागायचा. सुरतेच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो. ते समजावत होते, लेझरचा किरण कातडीला अगदी बारीक बारीक छिद्रं पाडतो, मधली कातडी शाबूत ठेवतो, मग ती जखम भरताना आतून नवी कातडी येते.

"खड्डा बुजाडाले आखो खड्डाच पाडतस का?" हा म्हणाला. आणि लगेच, "मंग पहिले एकच गाल करा. वानगी देखू, मंग बाकीना माल."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण शेवटी डावा गाल ठरला.

दर खेपेला गाल लालभडक व्हायचा, मग करपल्यासारखा होऊन त्याची सालं निघायची. ऊन अजिबात चालायचं नाही. म्हणून हा लेकीची ओढणी तोंडाला गुंडाळून, छत्री उघडून पथारीवर उभा. मिरची पसरणाऱ्या बाया विचारायच्या, "शेठ, सासरले चालनात का?"

घरी माझी आत्या, म्हणजे त्याची माय. तिची नजर गेलेली, कानही गेलेले. संध्याकाळी लेक आला की ती त्याच्या गालावरून हात फिरवायची आणि मगच त्याच्या हातून भाकर खायची. पण उपचार चालू होते तोवर चेहऱ्याला कुणाचाच हात लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून वहिनी भरवायची. आत्या चार घास कसेबसे खायची आणि रोज विचारायची, "मन्हा पोऱ्या कोठे गया?"

गाल बरा झाला. खड्डे पुरते गेले नाहीत, पण उथळ झाले, कातडी मऊ झाली. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. ताट घेऊन हा ऐटीत मायजवळ बसला आणि तिचा हात उचलून डाव्या गालावर ठेवला. आत्याने बोटं फिरवली, पुन्हा फिरवली आणि हात झटकन मागे घेतला.

"हाऊ मन्हा पोऱ्या नही शे. मन्हा पोऱ्याले देवी निंघेल व्हती."

तिने ताट लोटून दिलं. तो तिच्या कानाशी ओरडत होता, "माय, मीच शे व!" तिला काही ऐकू गेलं नाही. ती तोंड घट्ट मिटून बसली. शेवटी वहिनीनेच त्याचा चेहरा धरून वळवला आणि आत्याचा हात उजव्या गालावर टेकवला. बोटं खड्ड्यांत रुतली, थांबली.

"उना का रे?" आत्या म्हणाली, जणू लेक आत्ताच घरी आला होता. ती पोटभर जेवली, आणि भरवणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागलेली.

यंदाच्या हिवाळ्यात आत्या गेली. परवा मी त्याला म्हटलं, भाऊ, आता दुसरा गालही करून घे, मी येतो सोबत. तो उजव्या गालावर तळहात ठेवून म्हणाला, "या गालवर मायना हात फिरेल शे. ऱ्हाऊ दे."