गुप्त राहील म्हणाल्या होत्या

वहिनीसाहेबांनी वही उघडली, चष्मा नाकावर घेतला आणि वाचलं, "खोली नंबर सात. आटपाडीकडची. तीन महिने पाळी नाही."

सतरंजीवर आम्ही बावीस मुली बसलो होतो. दाराशी माझे आबा उभे होते. पायताण हातात. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं.

"ऐकलंत?" वहिनीसाहेब आबांना म्हणाल्या. "आता आम्ही काय समजायचं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. फरशीकडं बघितलं. मागं एक मुलगी खुदकन हसली. माझ्या कानशिलात रक्त उसळलं. जे रक्त अंगात नव्हतं म्हणून हे सगळं झालं, तेच.

हे घडलं सांगलीत, विश्रामबागेतल्या मुलींच्या वसतिगृहात. मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी, दिवाळीनंतर. मी आटपाडीच्या पुढच्या एका गावातली, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. दुष्काळी कामावर मी दोन वर्षं खडी फोडली होती. दुपारी सुकडी मिळायची, ती अर्धी खायची, अर्धी धाकट्यांसाठी पदरात बांधायची. शाळा मध्येच तुटली, परत जोडली. मॅट्रिक झाले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी.

दुष्काळातही माझी पाळी एकदा थांबली होती. आये तेव्हा म्हणाली होती, "अंगात रगातच न्हाई, तर येणार कुठनं?" आयेला अक्षर येत नव्हतं. पण तिला कळत होतं.

कॉलेजात त्या वर्षी मुलींसाठी एक समिती निघाली. आरोग्य आणि मार्गदर्शन. संस्थेच्या अध्यक्षांची बायको तिची प्रमुख. कृष्णाकाठचा ऊस, दारात जीप. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला मोठी बहीण समजा. काय असेल ते मोकळेपणानं सांगा. या चार भिंतींत राहील. अगदी गुप्त."

मी विश्वास ठेवला. का ठेवला? कारण तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं, तुला काय होतंय म्हणून. मी गेले. सांगितलं, वर्गात चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, पाळी थांबली आहे. क्षय तर नसेल ना, असं भीत भीत विचारलं. त्या लिहीत होत्या. मग मान वर न करता विचारलं, "भेटायला कोण कोण येतं तुला?"

"चुलतभाऊ आला होता एकदा. भाकरी घेऊन."

त्यांनी तेही लिहिलं. तेवढं वाक्य सावकाश लिहिलं. मला तेव्हा काही उमगलं नाही. मी उलट नमस्कार करून बाहेर आले.

आठ दिवसांनी आबांना पत्र गेलं. मुलीच्या वर्तनाबद्दल ताबडतोब येऊन भेटावे. वस्तीत वाचणारं कुणी नव्हतं. आबांनी ते पत्र गावात मास्तरांकडून वाचून घेतलं. चार माणसांसमोर. मग पहाटेची एसटी धरून ते सांगलीला आले आणि त्या दारात उभे राहिले.

त्याच दुपारी मला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं. वहिनीसाहेब आत आल्या. मी म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा." त्या थांबल्या नाहीत. "मला कळायला हवं. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे." आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "नीट बघा." बाजारात म्हैस बघतात तसं. त्यांच्या पावडरचा गोड वास सगळ्या खोलीत भरला होता. आजही तसा वास आला की मी तिथून उठून जाते.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी बघितली, पोट दाबलं. हात धुता धुता म्हणाल्या, "तुम्ही समजताय तसलं काही नाही. हिच्या अंगात रक्त नाही. हिला पोटभर खायला घाला."

आये म्हणाली होती तेच. शब्दाला शब्द.

वहिनीसाहेबांनी वही मिटली. चुकलं, असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. पण तिकडच्या या मुलींचं काही सांगता येत नाही."

बाहेर आबांनी हात जोडले. "लय उपकार झालं, वहिनीसाहेब."

मला त्या बाईची किळस आली. मग आबांच्या जोडलेल्या हातांची आली. मग माझी स्वतःची आली, की बापाच्या हातांची किळस येणारी मी कोण. ही तिसरी किळस अजून गेलेली नाही.

स्टँडवर आबा हळूच म्हणाले, "खरं सांग बाय. काय न्हाई न्हवं?"

"डाक्टरीनबाईनं सांगितलं की. माझ्यापरीस त्या वहीचा भरवसा हाय व्हय तुमाला?"

गाडी लागली, आबा चढले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला गाडी सुटल्यावर आठवलं.

त्यानंतर मला रोज पेलाभर दूध मिळू लागलं. ताटं मांडलेली असताना, सगळ्यांसमोर. "त्या अशक्त मुलीला दूध द्या." आणि कॉलेजच्या फाटकाशी पोरं मला बघून म्हणायची, "तीन महिने." बस, एवढंच. वहीतलं फाटकापर्यंत कसं पोचलं ते मी शोधत बसले नाही. एकवीस तोंडं होती.

फेब्रुवारीत समितीचं काम बघायला मुंबईहून मंडळी येणार होती. वहिनीसाहेबांनी मला बोलावून एक कागद दिला. "हे पाठ कर. तूच बोलायचंस." कागदावर लिहिलं होतं: मी खेड्यातली अडाणी मुलगी. समितीने मला शरीराची लाज सोडायला शिकवले. मी आजन्म ऋणी राहीन.

मी तो कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा तो फाडावासा वाटला. दुसऱ्यांदा वाटला नाही. दुसऱ्यांदा डोकं स्वच्छ झालं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. माझं नाव पुकारलं. मी उठले. कागद खुर्चीवरच ठेवला.

"माझं दुखणं मी एका बाईला गुप्त म्हणून सांगितलं," मी म्हणाले. "तिनं ते एकवीस मुलींना आणि माझ्या बापाला वाचून दाखवलं. मला भूक होती. तिनं भुकेला पाप म्हटलं. मला शरीराची लाज कधीच नव्हती. ती या समितीनं लावली. आभार मानायला सांगितलंय, ते मी मानणार नाही."

मागून एकच आवाज आला. "खरं हाय ते. मी तिथंच बसले होते." माझ्या खोलीतली सुनंदा, मिरजेकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. बाकीच्या वीस जणी मांडीवरच्या हातांकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. माफीचं पत्र लिही, नाहीतर वसतिगृह सोड. मी ट्रंक भरली. सुनंदानं दुसरी कडी धरली. माझी एक मावशी सांगलीत दवाखान्यात आया होती. तिच्या एका खोलीत मी जाऊन पडले.

चार दिवसांनी आबा आले. उंबऱ्यातच बसले. "लिहून टाक बाय माफी. शिकशील तरी."

"न्हाई आबा. तुमी हात जोडलं, तेवढं बास झालं. आता आपल्या घरातलं कुणी त्या बाईला हात जोडणार न्हाई."

आबांनी डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं. "मग नगं लिहू," म्हणाले. "मी चुकलो त्या दिवशी. मी तुला इचारायला नगं हुतं."

वर्ष बुडालं. मावशीच्या खोलीत राहून मी पुढं परीक्षा दिल्या, पास झाले. आता मीच कॉलेजात शिकवते. मुलींच्या भल्यासाठी समित्या अजून निघतात, आणि मला बोलावणं येतं. मी जाते. मुलींना डॉक्टर द्या, औषध द्या, पोटभर अन्न द्या, तो त्यांचा हक्क आहे. पण मदतीच्या बदल्यात मुलीची अब्रू मागणारा माणूस, मग तो कितीही मोठ्या घरातला असो, मी उठवते. भरल्या सभेतून, नाव घेऊन उठवते. याआधी दोघांना उठवलंय. तिसऱ्यालाही उठवीन.