देवाच्या आधीचं पान

चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. ऑटिझम असलेल्या माणसांना समजून घेणं आणि आधार देणं, या विषयातला पदव्युत्तर अभ्यासक्रम. नवरा म्हणाला, "आता तू पढ़ाई करणार? तुला घरात चष्मा मिळत नाही." मी चष्मा शोधला आणि प्रवेश घेतला. कारण होती माझी नणंद. सगळं घराणं तिला हट्टी, तिरसट, 'थोडी अलगच' म्हणत आलं होतं. तिने पस्तिशी ओलांडल्यावर एका डॉक्टरांनी त्या हट्टाचं खरं नाव सांगितलं. ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. स्वतःत मग्न म्हणे! माझा आवाज जरा बसला की घरात सगळ्यात आधी तिच्या लक्षात येतं.

त्याच वर्षी सासूबाई आणि नणंद सराफा बाजाराजवळचं भाड्याचं घर सोडून हरिशंकरपुरम कॉलनीत आमच्याकडे राहायला आल्या. सासरे गेले होते आणि तिथले जिने सासूबाईंना झेपेनात. नवरा याला 'संस्थानाचं विलीनीकरण' म्हणायचा. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले. राज्य गेलं तरी बोलण्यातली ऐट काही जात नाही. दोन देव्हाऱ्यांचा एक झाला, दोन मिक्सरांपैकी एक माळ्यावर गेला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "स्वयंपाकघर तुझं. मी लुडबुड नाही करणार." आणि त्यांनी खरोखरच केली नाही. घोळ तिथेच झाला.

नणंदेचं जेवण सुटलं. दूध-बिस्किटांवर राहायची. आमच्याकडे भांडी मधे मांडायची आणि ज्याने त्याने घ्यायचं, अशी रीत. तिने घेतलं नाही की आमचा आग्रह सुरू. मराठी माणसाचा जीव जडला की तो वाढत सुटतो. "ताई, थोडी भाजी घ्या ना," म्हणत मी वाढायची, नवरा वरून पोळी टाकायचा, आणि त्यात कुणी चिखल कालवला असावा तसं ती ताटाकडे बघायची आणि उठून जायची.

वर्गात आमच्या बाई सांगायच्या, माणसाला बदलायला जाऊ नका, आधी त्याच्याभोवती काय आहे ते बघा. मी बघायला लागले. डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट बदलली. कुकरच्या शिट्ट्या ती अंघोळीला गेली की उरकून घेऊ लागले. हिंगाचा वास नको म्हणून हिंग बंद केला. नवरा बिचारा तसलं वरण निमूट गिळत होता. पण उपयोग शून्य. तिची मनगटं काडीसारखी दिसायला लागली. एकदा मी कणीक मळत असताना सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. "तू इतकी शिकते आहेस. एक सांग, माझ्यानंतर हिला कोण बघेल?" मी बघेन, एवढंच म्हणायचं होतं. पण जिच्या पोटात मला एक घास घालता येत नव्हता तिची जबाबदारी कुठल्या तोंडाने घेऊ? मी कणीकच मळत राहिले.

मग चंपाषष्ठी आली. खंडोबाचा नैवेद्य मात्र सासूबाईंनीच वाढला. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे वांग्याचं भरीत आणि कांद्याच्या पातीची भाजी. खाली मधोमध भाताची मूद, वरण, तूप, शेजारी बाजरीची भाकरी. एका पदार्थाचा दुसऱ्याला धक्का नाही. आम्ही तळीचं ताट आणायला आतल्या खोलीत गेलो आणि परत येऊन बघतो तर देवाच्या पानावर नणंद मांडी घालून बसलेली. नैवेद्यात मीठ वाढत नाहीत. तिने मिठाची वाटी आणून पानाच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, चिमूटभर मीठ घेतलं होतं आणि ती भरीत-भाकरी खात होती. सावकाश, तब्येतीत.

"अरे! देवाच्या आधी?" नवरा ओरडलाच. "आई, ये क्या..."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "देव थांबेल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सराफ्याच्या घरात त्यांनी जन्मभर लेकीला असंच वाढलं होतं, हाताच्या सवयीने, त्यात विशेष काही आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुठे काय असणार हे तिला बसण्याआधी माहीत असायचं. माझ्या घरी त्यांनी मोठ्या मनाने हात आवरला, आणि आम्ही मोठ्या प्रेमाने रोज तिचं ताट विस्कटत राहिलो. मला हसू आलं आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आई, लुडबुड करा. मला वाढायला शिकवा." त्यांनी शिकवलं. पहिल्यांदा माझी चटणी उजवीकडे गेली; नणंदेने ताट माझ्याकडे सरकवलं. मी पुन्हा वाढलं. ती जेवायला लागली. आग्रह करायला माझा हात नुसता शिवशिवत होता, पण मी तो आवरला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भात." मी वाढला, आधी होता त्याच जागी.

सासूबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. लेकीचं पोट भरल्याशिवाय त्या कधी जेवायला बसल्या नव्हत्या. गार झालेलं अन्न हेच वर्षानुवर्षं त्यांचं जेवण. त्या आत आल्या आणि नणंदेशेजारी टेकल्या.

"मला पण वाढ गं," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर."