दोन्ही बाजू

ती अकरावीतली, पण उमरग्याच्या आमच्या कॉलेजात पदवीच्या मुलांसोबत माझ्या वक्तृत्व-लेखनाच्या तासाला बसायची. शेजारी कुणी बसत नसे. वादासाठी जोड्या लावल्या की ती एकटी उरायची.

"सर, मला जोडी न्हाय. दोन्ही बाजू मीच मांडते," म्हणायची. मग एका बाकावरून बोलायची आणि समोरच्या बाकावर जाऊन स्वतःलाच उत्तर द्यायची, तेही 'तुम्ही' म्हणून, अगदी पुस्तकी मराठीत.

परवा विषय होता, गाव सोडावं का. पहिल्या बाकावरून तिनं सोडावंच म्हणून ठासून सांगितलं. मग समोर जाऊन रिकाम्या जागेला म्हणाली, "तुमचं म्हणणं मान्य आहे. पण तुमी गेल्यावर म्या कुणासंगं बोलायचं?"

वर्ग हसला. उत्तर द्यायला ती पहिल्या बाकावर परत गेलीच नाही.