गार्डसरांचा ‘टॉक’

पूर्णा जंक्शनात फाडफाड इंग्रजी झाडणारी माणसं ढीगभर असतील, पण ‘टॉक’ हे एकच क्रियापद आमच्या गार्डसरांइतकं कुणालाच येत नाही, हे मी कुठल्याही चौकात माईक हातात घेऊन सांगायला तयार आहे. मला त्याची सवय आहे. बसथांब्यावरच्या कोरड्या नळापासून रस्त्यावरच्या बंद दिव्यांपर्यंत ज्या ज्या गोष्टींवर आमच्याकडे पत्रकं निघाली, त्यातली निम्मी मी लिहिली. माझ्या पत्रकात उद्गारचिन्हं फार असतात अशी तक्रार आहे. असू देत! पण हे पत्रक नाही, म्हणून जरा सबुरीनं लिहिते.

सर मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात, एकट्यानं. “इंजिनातल्या माणसाशी बोलायचं तर एक हिरवा झेंडा आन् एक लाल. दोनच शब्द. तिसरा शब्द सुचला तर मनातच ठेवायचा,” असं ते सांगत. रिटायर झाल्यावर मनात साठलेले ते सगळे शब्द त्यांनी पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत उतरवले आणि इंग्रजीचा क्लास काढला. तीस दिवसांत घडाघडा इंग्रजी बोलायला लावणारे फ्लेक्स गावभर लागलेले असताना (हा लबाडीचा धंदा आहे, त्यावर माझं वेगळं पत्रक आहे) सरांच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं होतं : ‘वर्षभर एकच शब्द. घाई असेल त्यांनी पुढची गाडी बघावी.’ त्यांचं म्हणणं, इंग्रजांची निम्मी दुनिया या ‘टॉक’वर चालते. नुसतं बोलणं तोच, समजावणं तोच, गळी उतरवणं तोच, उलट उत्तर देणंही तोच. मागं एक छोटा शब्द जोडला की काम बदललं, जसं त्याच डब्याला इंजिन बदललं की गाव बदलतं.

आणि नियम असा, की एका अर्थाला वहीचं एक पान. पण तो अर्थ जित्या माणसावर करून दाखवल्याशिवाय पान लिहायचं नाही. खाली साक्षीदाराची सही. ‘टॉक टू’ म्हणजे कुणाशी तरी बोलणं, तर ज्याच्याशी जन्मात बोललो नाही त्याच्याशी बोलून यायचं. मी रोज चुडाव्याहून पॅसेंजरनं क्लासाला यायची. समोरच्या बाकावर दोन वर्षं पेरूची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशीला मी त्या दिवशी पहिल्यांदा नाव विचारलं. “आता इचारायलीस व्हय गं? मला वाटलं मुकी हाय पोरगी,” मावशी म्हणाली आणि तिनं वहीत सहीच्या जागी अंगठा दिला. ‘टॉक डाउन’, म्हणजे समोरच्याला कमी लेखून बोलणं, हे पान मात्र सरांनी कुणाला करू दिलं नाही. “हे कोरं ठेवा. लोक तुमच्यावर करतील तवा त्यांचीच सही घ्या.” ‘टॉक बॅक’ म्हणजे उलट उत्तर देणं, हे सांगून व्हायच्या आत मी उठून “सर, तुमची ही सगळी पद्धतच चूक आहे” असं म्हणाले. सरांनी शांतपणे माझी वही ओढली आणि साक्षीदार म्हणून स्वतःच सही केली.

गिरणीला लागून अप्पांचं किराणा दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेवर सरांसाठी राखून ठेवलेल्या शिव्या. दोघं लहानपणापासूनचे. चार वाजता चहा आला की दोघांच्या गप्पा अशा रंगत, की गिऱ्हाइकं आपली साखर आपणच जोखून घेत.

मग आला ‘टॉक आउट ऑफ’. म्हणजे एखाद्याला बोलून बोलून त्याच्या इराद्यापासून परतवणं. दिवस होता महाशिवरात्रीच्या आधीचा. अप्पांच्या दुकानात साबुदाण्याची पोती छताला लागलेली, आणि सरांना वाटलं, सरावाला याहून चांगली गर्दी कुठं मिळणार? आम्ही सोळाजण दुकानापुढं उभे राहिलो आणि येईल त्या गिऱ्हाइकाला साबुदाण्यापासून परतवू लागलो. पित्त होतं, पोट फुगतं, भगर घ्या, रताळी घ्या. बाकीच्यांचं कुणी ऐकलं नसतं. पण मी ओट्यावर चढले. माझं पत्रकी तोंड सुटलं, टाळ्यासुद्धा पडल्या, आणि संध्याकाळपर्यंत लोक पलीकडच्या दुकानातून भगर घेऊन गेले. पोती तशीच. सर कौतुकानं माझ्या वहीवर सही करत होते तेव्हा अप्पा बाहेर आले.

“गार्डा, यापुढं माझ्या दुकानापुढं तोंड उघडायचं न्हाई.”

सर म्हणाले, “न्हाई उघडत.”

आणि नाही उघडलं. जगाला बोलतं करणारा माणूस भिंतीला भिंत लावून पाच वर्षं मुका राहिला. त्यांच्या स्वतःच्या वहीत ‘टॉक इट ओव्हर’ हे पान, म्हणजे बसून बोलून मिटवणं, तेवढं कोरं होतं. माझं वर्ष संपलं तरी मी क्लासात येत राहिले आणि कितीदा विचारलं, तर म्हणत, “त्यानं न्हाई म्हणलंय. लाल झेंडा हाय.”

गेल्या पावसाळ्यात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, याच्याशी सारखं बोलत राहा, तर कदाचित परत येईल. अप्पांच्या घरच्या काकूंनी आठ दिवस प्रयत्न केला आणि त्या गिरणीमागं येऊन दारात उभ्या राहिल्या. “भावजी, तुमच्याइतकं बोलणारं माझ्या वळखीत दुसरं कोन हाय?”

सर पाठ फिरवून फळा पुसू लागले. तेव्हा मी आवाज चढवला. “सर, पान कोरं आहे! नियम तुमचा आहे!”

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता सर अप्पांच्या खाटेशी बसू लागले. आणि बोलायचं काय, तर तेच. ‘टॉक’चे सगळे अर्थ, पहिल्यापासून, उदाहरणांसकट. महिना गेला. अप्पा छताकडं बघत. सर ‘टॉक बॅक’ तिसऱ्यांदा समजावत होते, त्या दिवशी खाटेवरून घोगरा आवाज आला :

“गप... बस की रं... गार्डा.”

सर तसेच अनवाणी क्लासात धावत आले. “बोलला! मला उलटा बोलला!” डोळे पुसत त्यांनी पान लिहिलं. ‘टॉक इट ओव्हर’. सहीच्या जागी अप्पांनी डाव्या हातानं ओढलेली वाकडी रेघ आहे.

आता अप्पा पुन्हा दुकानात बसतात. शब्द दहा-बाराच आलेत, आणि त्यातले बरेचसे सरांसाठीच आहेत. मी परवा गेले. माफीचं भाषण चुडाव्यापासून पाठ करत आले होते, तीन मुद्द्यांचं. अप्पांनी मला ओळखलं. खूप वेळ ओठ जुळवले.

“सा... बु... दाणा?”

मी मान हलवली, दोन बोटं दाखवली. त्यांनी दोन किलो जोखला, पुडीला दोरा मात्र त्यांना बांधता येईना, तो शेजारी बसलेल्या सरांनी बांधला.

आमच्या घरात कुणाचाच उपास नसतो. पुडी अजून फळीवर तशीच आहे.