रोवणीतली बोटं

रामाजी गुरुजींचा एक शब्द होता: 'परत'. तो खालच्या आवाजात सुरू व्हायचा आणि शेवटाला त्याचा दम सुटायचा. "हं... परत." मी तो असा हुबेहूब काढायचो की भिंतीपलीकडची चौथीतली पोरं खरंच व्हायोलिनचा गज उचलून पहिल्यापासून 'सा' धरायची.

गावातली नाटक मंडळी मोडली तेव्हा तिची तीन व्हायोलिनं जनपद सभेच्या आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत आली. गुरुजी तरुणपणी त्याच मंडळीत वाजवायचे. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली पोरांकडून एक अख्खं गाणं वाजवून घ्यायचं, एवढाच त्यांचा बेत. तो दर वर्षी रोवणीच्या चिखलात रुतायचा. दिवाळीपासून तार दाबून दाबून पोरांच्या डाव्या बोटांना घट्टे पडायचे, तेव्हा कुठे सूर धड निघायचा. मग धानाची रोवणी लागली की पोरं रोपं लावायला बांधीत, पाण्यानं भरलेल्या शेतात. दिवसदिवस पाण्यात राहून बोटं भिजल्या पोह्यांसारखी व्हायची, घट्टे सोलून जायचे. परतलेलं पोर तार दाबायचं आणि हात झटकायचं. गुरुजी भिंतीला टेकायचे. "हं... परत."

गोकुळा चौथीत आली त्या वर्षी तिला पूर्ण गाणं येत होतं. पुढल्या रोवणीआधी तिची शाळा संपणार होती. रोवणी तोंडावर आली तशी तिनं एकदा घट्टे पडलेला हात पुढे करून विचारलं, "गुरुजी, हे पन जातीन का जी?" गुरुजींनी तिची बोटं चाचपली आणि ते छत्री घेऊन तडक तिच्या घरी गेले. मीही मागं गेलो. असं ऐकायला मी कुठंही जायचो.

गोकुळाची आई गिरजा तान्हं कडेवर घेऊन उभी होती.

"यंदा पोरीले रोवणीतून सोड बाई," गुरुजी म्हणाले.

"सोडतो जी. पन रुखमाबाईनं आमच्या बांधीत येऊन हात देल्ले. ते फेडाले पोरीच्या जागी मी गेलो तं या लेकराले कोन पाजते? तुमी?"

गुरुजींनी छत्री मिटली. "हात कोनाचेबी चालते नं?"

"चालते. हाताले हात भेटला म्हंजे झालं."

"मंग माहे घ्या."

गिरजा अशी हसली की तान्हं दचकून रडायला लागलं.

आमच्याकडे पुरुष चिखल करतात, नांगर धरतात, रोवणं बायांचं. रविवारी, आणि शाळा सुटल्यावर रोज, गुरुजी धोतर खोचून रुखमाबाईच्या बांधीत बायांच्या ओळीत उतरायला लागले. पहिल्याच दिवशी सुगंधाबाईनं विचारलं, "गुरुजी, लुगडं आनू का?"

"आन. धोतर तं गेलंच," गुरुजी म्हणाले.

जरा वेळानं रुखमाबाईनं मागं वळून पाहिलं. तिचा आवाज बारीक, पण धारेचा. "गुरुजी, तुमची रोपं तरंगून राह्यली. शाळेत असंच शिकवता का?" तिनं बांधाकडे बोट केलं. "तेथून परत रोवा."

बाया खदखदल्या. मी बांधावर लोळलो. गुरुजी मात्र कमरेवर हात टेकून हळूहळू सरळ झाले आणि चिखल ओढत ओळीच्या सुरुवातीला गेले. त्या चालण्याची नक्कल मला कधी साधली नाही. गुडघे वाकवता यायचे, थकवा आणता यायचा नाही.

पंधरा ऑगस्टला पाऊस थांबला होता. झेंडा वर गेला. गोकुळा एक व्हायोलिन घेऊन उभी राहिली. दुसऱ्यावर गुरुजींनी तिला साथ द्यायची, असं ठरलं होतं. त्यांनी तार दाबून पाहिली आणि बोट उचललं. बोटांची सालटं निघाली होती. दोनदा पाहिलं. मग डावा हात तसाच ठेवून ते मोकळ्या तारेवर नुसता गज ओढत राहिले. पहिल्या दिवशी पोरं ओढतात तसा, एकच 'सा'.

त्या 'सा'वर गोकुळानं गाणं धरलं. मधे एकदा अडखळली. आता 'परत' येणार म्हणून सवयीनं मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. ते गज ओढत राहिले. ती पुढे गेली आणि शेवटापर्यंत पोचली.

लाह्या-गूळ वाटायला लागले. गुरुजी पायरीवर बसून बोटांवर फुंकर घालत होते. गिरजा तान्ह्याला घेऊन जवळ आली.

"झालं नं गुरुजी मनासारखं?"

"झालं बाई."

"मंग उद्या देवाजीच्या बांधीत या. त्याच्या घरचेबी हात फिटाचे आहेत."

गुरुजींनी मान हलवली. "येतो," म्हणाले, आणि गोकुळाच्या हातातलं व्हायोलिन पुसायला घेतलं.