उसाहून गोड येसू

धोंडा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, येसूभाऊची बायको. वलवणच्या वाटेवर बल्बचा कारखाना होता, तितं आमी दोघी पॅकिंगला होतो. वहिनी तोंडानं लय फटकळ, पण नवऱ्याचं नाव साधं कधी घेणार न्हाई. घेतलं तर उखाण्यातच.

चौऱ्याहत्तर साली साहेबांनी सांगितलं, कामगारांची यादी पुण्याच्या कॉम्प्युटरात घालायची, आन् त्यात नाव नीट येईल तोच कायम. वहिनीचा जीव टांगणीला लागला, किती वर्षं रोजंदारीवर काढलेली. नव्या कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" वहिनी लाजली, पदर सावरला आन् झाली सुरू.

"इंद्रायणीच्या काठी, लावला ऊस, येसूरावांचं नाव घेते, मला भारी हौस."

कारकून असला दीडशहाणा, जसंच्या तसं लिहून मोकळा झाला. आता त्या यंत्राची रीत अशी, की स्वल्पविराम दिसला की म्हणायचं, हा रकाना संपला, चला पुढच्यात. यादी आली. नवरा: इंद्रायणीच्या काठी. गाव: लावला ऊस. काम: येसूरावांचं नाव घेते. वय: मला भारी हौस. सगळं पॅकिंग खातं पोट धरून हसलं. वहिनी मात्र रडकुंडीला आली, कारण यंत्रानं तिला बाद केलं होतं.

मग पुण्याहून दुसरे साहेब आले, यंत्राला काय काय चालत न्हाई ते टिपायला. म्हणाले, "बाई, यंत्राला इंग्रजीच कळतं, पंचवीस अक्षरांत बसवा. मध्ये स्वल्पविराम नको. नुसतं नाव सांगा."

"मी सांगते की," मी म्हटलं. सख्खा भाऊ माझा, मला कसली लाज?

"वन्सं, गप बसा," वहिनी कडाडली. "नवरा माझा हाय. नाव मीच घेणार."

अस्सा राग आला मला. हातातोंडाशी आलेली नोकरी चालली आन् हिला उखाणे सुचतायत. ती आपली वर पत्र्याकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "लिवा. उसाहून गोड येसू."

साहेबांनी इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजली. "बसतंय की," म्हणाले, आन् आपल्या टिपणात खाली एक ओळ वाढवली: उखाणा चालतो, आखूड असल्यास.

वहिनी कायम झाली. गेटपासावर तसंच छापून आलं, आन् गेटवरचा दत्तोबा रोज सकाळी ते मोठ्यानं वाचायचा. येसूभाऊ जन्मात कधी बायकोला कामावर सोडायला आला नव्हता. तवापासून रोज यायला लागला.