बसलेल्या माणसाचं वल्हं

सिद्धू मारकडचं वल्हं त्याच्या कानाएवढं उंच होतं. धनगराची काठी उभ्या माणसाच्या कानाला लागली पाहिजे, असा त्याच्या घरचा दंडक. मेंढरं विकून त्यानं उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडी घातली, तेव्हा वल्ह्यालाही तेच माप धरलं. लाकूड बाभळीचं. काठी जड असली की लांडगा लांब राहतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं. पाण्यात लांडगा नसतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

इंदापूरच्या काठावरून माणसं, दुधाच्या किटल्या आणि कडब्याच्या पेंढ्या तो पलीकडं करमाळ्याच्या काठाला पोचवी. दिवसाला सात-आठ खेपा. नऊ वर्षं काही झालं नाही. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर उजवा खांदा ठणकायला लागला. संक्रांतीपर्यंत हात डोक्यापर्यंत जाईना, आणि त्याचं पागोटं बायको म्हाळसा बांधू लागली.

‘‘उद्या घासबी भरवीन,’’ ती म्हणाली. ‘‘पर होडी काय मला हाकता यायची न्हाय. बारामतीला चला.’’

बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला, मग सिद्धूला वल्हं मारण्याची नक्कल करायला लावली. वरचा हात डोक्याच्याही वर जातो तेव्हा खांद्यातला स्नायू हाडाखाली घासला जातो, तो सुजला आहे, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवडे होडी बंद. हात डोळ्यांच्या वर न्यायचा नाही. पुन्हा अशीच ओढाताण केली, तर होडी कायमची सोडावी लागेल.

‘कायमची’ हा शब्द सिद्धूच्या मनात रुतला. मेंढरं सुटली, कारण त्यांची चराई पाण्याखाली गेली. आता पाणी तर समोर पसरलं होतं, तरी होडीही सुटायची वेळ आली होती.

परतताना म्हाळसानं त्याला अंथुर्ण्याला एसटीतून उतरवलं. तिथला रामहरी सुतार तिच्या माहेरचा. बैलाच्या मानेला नेमकं बसणारं जू करावं तर त्यानंच, अशी त्याची ख्याती. होडीत तो जन्मात बसला नव्हता.

‘‘बैलाच्या मानंला गाठ आली, तर शेतकरी काय करतो, पावणं?’’ त्यानं विचारलं.

‘‘जू बदलतो.’’

‘‘आन् तुमी बैल बदलायला निघालाय.’’

दोन दिवसांनी रामहरी फुटपट्टी आणि सुतळी घेऊन काठावर आला. होडी वाळूत ओढलेली होती. त्यानं सिद्धूला फळीवर बसवलं, हातात जुनं वल्हं दिलं आणि हवेतच दोनदा हळू फिरवायला सांगितलं. मग तो हसत खाली बसला.

‘‘हुब्या माणसाची काठी बसलेल्या माणसाच्या हातात दिलीय तुमी. वरचा हात आभाळात जाणार न्हाय तर काय?’’

‘‘आमच्यात माप हेच असतं,’’ सिद्धू म्हणाला.

‘‘मेंढरामागं बसून चालत होता व्हय?’’

म्हाळसा पदर तोंडाला लावून हसत होती. सिद्धूनं तिच्याकडं पाहायचं टाळलं.

रामहरीनं फळीपासून नाकापर्यंत सुतळी धरली. फळीपासून पाण्यापर्यंतचं अंतर त्यात मिळवलं आणि पुढं पात्याची लांबी. दांडा कळकाचा, पातं पातळ सागवानी, जुन्यापेक्षा चार बोटं अरुंद. वरच्या टोकाला आडवी मूठ, मनगट वाकडं होऊ नये म्हणून. आठवड्यानं वल्हं तयार होऊन आलं. सिद्धूनं ते एका हातानं उचललं आणि त्याचं तोंड उतरलं. इतकी हलकी वस्तू त्याच्या घराण्यात कुणी बाळगली नव्हती.

पलीकडच्या काठाला ऊस असलेले आप्पासाहेब पायवाटेनं आले, थांबले, वल्ह्याकडं बघत राहिले.

‘‘सिद्धू, आमटी ढवळाय निघालास का?’’

‘‘या की आप्पा, चव बघाय.’’

तीन आठवडे सरल्यावर पहिल्या दिवशी दोनच खेपा केल्या. निघण्याआधी खांदे गोल फिरवले, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. म्हाळसा समोर बसून बघत होती. नवं वल्हं असूनही सिद्धू जुन्या सवयीनं नुसत्या हातानं ओढत होता.

‘‘हात राबतोय आन् पाठ झोपलीय,’’ ती म्हणाली. ‘‘मी जात्यावर बसते तवा नुसता हात फिरतो का माजा? कमरंतनं वळा.’’

त्यानं कंबर वळवली. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घातलं, मांडीपाशी आलं की उचललं. होडी सरळ गेली, आवाज न करता. थोड्या वेळानं म्हाळसानं बाजू बदलायला लावली. डाव्या हाताला हे नवीन होतं. होडी गोल फिरली आणि काठावरच्या बगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली. दोघंही हसले.

पंधरा दिवसांनी खेपा पाचावर आल्या. मग आला इंदापूरच्या बाजाराचा दिवस, आणि त्यात पश्चिमेचा वारा. खरी परीक्षा हीच होती. पहिल्या खेपेला परतताना लाटा समोरून आल्या, घाईत सिद्धूचा हात ताणला गेला.

‘‘पाठ झोपली,’’ म्हाळसा म्हणाली.

होडीत बसलेल्या आप्पासाहेबांनी तेच उचललं. ‘‘अरं, पाठ झोपली त्याची, उठवा की.’’ दुपारपर्यंत उतारूंना हा नादच लागला. वल्हं जरा चुकलं, की कुणीतरी पाठीची चौकशी करी, आणि सिद्धू शिव्या देत कमरेतून वळे.

उन्हं कलली तेव्हा सात खेपा झाल्या होत्या. होडी बांधायला दोर हातात घेतला, तोच पलीकडून हाक आली. दोन बायका आणि एक टोपली उभी होती.

म्हाळसानं त्याच्या खांद्याकडं बघितलं. ‘‘दुखतंय?’’

सिद्धूनं खांदा हलवून पाहिला. पुन्हा एकदा हलवला, खात्री करायला.

‘‘भूक लागलीय,’’ तो म्हणाला. ‘‘तू भाकरी टाक, मी आलोच.’’